साडेतीन व्होल्टांचा हिशेब

जव्हार-मोखाड्यात जुलै लागला की सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस इथे जवळपास चार महिन्यांतच कोसळतो. लाइनवर एखादी फांदी पडली की पाड्यावरची वीज कधी परत येईल याचा नेम नसतो. सौर दिव्यांची आणि बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची खरी गरज याच दिवसांत असते, आणि नेमकी याच दिवसांत ती मान टाकतात.

दुरुस्तीला येणाऱ्या अशा उपकरणाची कहाणी बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. समजा, पाड्यावरच्या टाकीत किती पाणी उरलं आहे हे मोबाइलवर कळवणारं एक छोटं यंत्र आहे. आत १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन सेल, वर तळहाताएवढं सौर पॅनल आणि ईएसपी८२६६ चिप असलेला बाजारातला तयार बोर्ड. मे महिनाभर यंत्र बिनतक्रार चालतं. पावसाळ्यात ऊन नाहीसं झालं की चार-पाच दिवसांत बंद. मल्टिमीटर लावला तर सेल ३.७ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बराच चार्ज अजून शिल्लक. बोर्ड यूएसबीला जोडला तर ठणठणीत. सेल चांगला, बोर्ड चांगला, तरी यंत्र बंद. मग सेलवर संशय येतो, नवा सेल बसतो आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन यंत्र पुन्हा दुकानात.

दोष असतो तो बोर्डाच्या कडेला बसलेल्या नखाएवढ्या काळ्या आयसीत. भिंगातून पाहिलं तर त्यावर १११७ आणि ३.३ असे आकडे दिसतात. हा व्होल्टेज रेग्युलेटर. सेलचा दाब ४.२ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत बदलत राहतो. चिपला मात्र स्थिर ३.३ व्होल्ट हवे असतात. मधला फरक स्वतःवर घेऊन पुढे स्थिर दाब देणं हे या आयसीचं काम. तो नादुरुस्तही नसतो. त्याच्या डेटाशीटमध्ये पहिल्या पानावर जे लिहिलं आहे तेच तो करत असतो. चुकलेली असते ती निवड, आणि ती सुधारायला या आयसीच्या पोटात काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

पोटात मुख्य भाग चार. पहिला, इनपुट आणि आउटपुट यांच्या मध्ये बसलेला मोठा ट्रान्झिस्टर. उपकरणाला जाणारा सगळा करंट यातूनच वाहतो. दुसरा, काही झालं तरी न हलणारा एक संदर्भ दाब. तिसरा, आउटपुटच्या दाबाचा ठरावीक हिस्सा काढून घेणारी दोन रेझिस्टरांची जोडी. आणि चौथा, त्या हिश्शाची संदर्भाशी सतत तुलना करणारा अँप्लिफायर. आउटपुट किंचित घसरलं की अँप्लिफायर मोठ्या ट्रान्झिस्टरला जास्त उघडतो, चढलं की आवळतो. वायफाय चालू झाल्यावर ईएसपी८२६६ चा करंट एकदम वाढतो, डेटाशीटनुसार प्रक्षेपणाच्या वेळी १७० मिलिअँपिअरपर्यंत. तेव्हाही ही दुरुस्ती काही मायक्रोसेकंदांत व्हावी लागते.

यातला संदर्भ दाब कसा मिळतो हा भाग सगळ्यांत सुंदर आहे, म्हणून जरा थांबायला हरकत नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला दाब तापमान एका अंशाने वाढलं की साधारण दोन मिलिव्होल्टनी घटतो. पण वेगवेगळ्या घनतेने करंट वाहणारे दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवले, तर त्यांच्या या दाबांमधला फरक तापमानाबरोबर वाढत जातो. घटणाऱ्या राशीत वाढणारी राशी योग्य पटीत मिळवली की तापमानाचा परिणाम जवळपास कटतो आणि सव्वा व्होल्टच्या आसपासचा एक स्थिर दाब उरतो. अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचे बॉब विडलर यांनी १९७१ च्या सुमारास ही युक्ती रेग्युलेटरच्या आयसीत बसवली. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या डब्यात पन्नास अंश असोत की डिसेंबरच्या पहाटे सूर्यमाळला बोचरी थंडी, आउटपुट ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतं ते या बेरजेमुळे.

आता मूळ दुखण्याकडे. हा आयसी दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. आणि कमी करण्यासाठीसुद्धा इनपुटला आउटपुटपेक्षा काही किमान जास्त दाब लागतो. मोखाड्यातल्या उताराच्या नळयोजनेत टाकी नळापेक्षा पुरेशी उंच नसेल तर तोटी पूर्ण उघडूनही धार लागत नाही, तसंच हे. दाबाच्या या किमान फरकाला ड्रॉपआउट व्होल्टेज म्हणतात, आणि ज्यांना हा फरक थोडाच लागतो त्या रेग्युलेटरांना लो ड्रॉपआउट, बोलीभाषेत एलडीओ. फरक त्याहून कमी झाला की मोठा ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलेला असतो, अँप्लिफायरच्या हातात काही उरत नाही आणि आउटपुट इनपुटच्या मागोमाग खाली यायला लागतं.

एएमएस१११७ ला हा फरक साधारण १.१ व्होल्ट लागतो, पूर्ण भाराला १.३ पर्यंत. म्हणजे ३.३ व्होल्ट द्यायला इनपुटला ४.४ व्होल्ट हवेत. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला तरी ४.२ व्होल्टचाच असतो! याचा अर्थ त्या यंत्रातल्या रेग्युलेटरने एकही दिवस खऱ्या अर्थाने काम केलेलं नसतं. भरलेल्या सेलवर चिपला ३.१-३.२ व्होल्ट मिळतात आणि ती कशीबशी चालते. सेल ३.७ वर आला की मिळतात जेमतेम २.६. वायफाय चालू होताना करंट वाढतो, दाब आणखी बसतो, चिप रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा वायफाय लावायला जाते आणि पुन्हा रीसेट. उरलासुरला चार्ज या खटाटोपात जातो. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही, कारण सेल रोज भरून चारच्या वर येत असतो. दोष मे महिन्यातही असतो. दिसतो तो जुलैत.

हा सव्वा व्होल्टचा, दोन व्होल्टचा किंवा पाव व्होल्टचा फरक कशामुळे पडतो? मोठा ट्रान्झिस्टर कोणत्या जातीचा आहे यावरून. जव्हारच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात सापडेल तो ७८०५. त्यात एनपीएन ट्रान्झिस्टरांची दुहेरी जोडी असते. तिला चालवण्यासाठीच दोन बेस-एमिटर जोडांचा दाब आणि वर थोडा असे दोन व्होल्ट खर्ची पडतात. १११७ मध्ये यातला एक जोड वाचवलेला असतो, म्हणून एक व्होल्टच्या थोडं वर. बाजारात त्याला एलडीओ म्हणूनच विकतात. पण एका सेलच्या उपकरणासाठी तो एलडीओ नाही, असं बेलाशक धरून चालावं. पीएनपी ट्रान्झिस्टर वापरला की करंट थेट एमिटरकडून कलेक्टरकडे जातो आणि फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. एलएम२९४० हे त्याचं जुनं, भरवशाचं उदाहरण. आणि पी-चॅनल मॉसफेट असेल तर पूर्ण उघडल्यावर तो नुसत्या छोट्या रेझिस्टरसारखा वागतो. मायक्रोचिप कंपनीचा एमसीपी१७०० हा त्या जातीचा: २५० मिलिअँपिअर करंटला १७८ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. करंट दहापट कमी केला की फरकही साधारण दहापट कमी.

३.३ मध्ये ०.१८ मिळवले की ३.४८. एमसीपी१७०० लावला की सेल साडेतीन व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत चिपला पूर्ण दाब मिळतो, आणि लिथियम-आयन सेलचा बहुतेक चार्ज साडेतीनच्या वरच निघालेला असतो. त्याखालीही आउटपुट एकदम कोसळत नाही, इनपुटच्या जरा खालून चालत राहतं. एवढाच बदल, आणि तोच सेल पावसाळ्यातले आणखी कित्येक दिवस काढतो. वायफायचा पहिला झटका २५० मिलिअँपिअरच्याही वर जाऊ शकतो, म्हणून आउटपुटला चारशे-पाचशे मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर चिपच्या अगदी जवळ द्यावा. डोंगरकपारीत सिग्नल क्षीण असला की यंत्र जोडणीसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. तेव्हा हा कॅपॅसिटर विशेष उपयोगी पडतो.

ड्रॉपआउटपेक्षाही दुर्लक्षित आकडा दुसराच आहे: रेग्युलेटर स्वतःसाठी किती करंट घेतो. डेटाशीटमध्ये तो ग्राउंड करंट किंवा क्विसेंट करंट या नावाने असतो. एएमएस१११७ स्वतः सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास चालू असतो. दिवसाचे झाले १२० मिलिअँपिअर-तास. आता टाकीवरच्या यंत्राचा स्वतःचा खर्च पाहा. ते अर्ध्या तासाने एकदा जागं होत असेल, दहा सेकंद चालत असेल आणि जागेपणी सरासरी ८० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाचे होतात जेमतेम ११ मिलिअँपिअर-तास. काम अकराचं आणि देखरेखीचा खर्च एकशे वीस! ईएसपी८२६६ गाढ झोपेत फक्त २० मायक्रोअँपिअर घेते म्हणून प्रोग्रॅममध्ये झोपेची आज्ञा काळजीपूर्वक लिहायची, आणि तिच्या शेजारी तिच्या अडीचशे पट खाणारा रेग्युलेटर बसवायचा, हा प्रकार भल्याभल्यांच्या प्रकल्पांत दिसतो. २६०० मिलिअँपिअर-तासांचा भरलेला सेल नुसता १११७ पोसण्यात बावीस दिवसांत रिकामा होतो. यंत्राने काहीच काम केलं नाही तरी.

एमसीपी१७०० स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअर घेतो. होल्टेक कंपनीचा एचटी७३३३ सुमारे ४ मायक्रोअँपिअर. गणित मांडलं तर पहिल्याला तोच सेल दीडशेहून अधिक वर्षं पुरतो. प्रत्यक्षात सेल आपणहून त्याच्या कितीतरी आधी मरेल. म्हणजे हिशेबातून रेग्युलेटरचा खर्च पुसूनच टाकायचा.

मग सगळीकडे हेच दोन का वापरू नयेत? कारण त्यांनाही मर्यादा आहेत, आणि त्या ओलांडल्या की आयसी इशारा न देता जळतो. एमसीपी१७०० ला इनपुटला कमाल ६ व्होल्ट चालतात, एचटी७३३३ ला १२. पाड्यांवरच्या बऱ्याच सौर दिव्यांत बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. नाव बाराचं, पण चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते. तिच्यावर एचटी७३३३ लावला तर तो पहिल्याच लख्ख दुपारी जाईल. आणखी एक धोका: ज्याला बारा व्होल्टचं पॅनल म्हणतात ते काही न जोडता मोजलं तर २१-२२ व्होल्ट दाखवतं. बॅटरीची वायर गंजून सुटली आणि चार्ज कंट्रोलर हलका असला, तर तेवढा दाब थेट उपकरणावर येऊ शकतो. अशा जागी होल्टेकचाच एचटी७५३३ बरा. तो २४ व्होल्टपर्यंत झेलतो, मात्र करंट १०० मिलिअँपिअरच देतो. पाण्याची पातळी मोजून जवळच्या अंतरावर संदेश पाठवणाऱ्या साध्या रेडिओ मॉड्यूलला तेवढा पुरतो, वायफायला पुरत नाही.

बाराच्या बॅटरीवरून वायफायची चिप चालवायची असेल तर उष्णतेचा हिशेब करावा लागतो, आणि तो तिसरीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. इनपुट वजा आउटपुट, गुणिले करंट. आतापर्यंत पाहिलेले सगळे रेग्युलेटर लिनिअर जातीचे, आणि लिनिअर रेग्युलेटर नको असलेला दाब उष्णता करून टाकून देतो. यात कुठलीही पळवाट नाही. १२ वरून ३.३ वर यायचं आणि करंट ०.१७ अँपिअर, तर ८.७ गुणिले ०.१७ म्हणजे जवळपास दीड वॅट. १११७ च्या छोट्या पॅकेजला भोवती तांब्याची जागा नसेल तर दर वॅटमागे तापमान सुमारे ९० अंशांनी चढतं. दीड वॅटला एकशे तीस-पस्तीस अंश, त्यात डब्यातल्या हवेचे पंचेचाळीस. चिप एकशे ऐंशीच्या दिशेने निघते, पण तिथे पोहोचण्याआधीच आतलं संरक्षण तिला बंद करतं. निवली की पुन्हा चालू, पुन्हा गरम, पुन्हा बंद. यंत्र दर काही सेकंदांनी बंद-चालू होत असेल आणि आयसीवर बोट टेकवत नसेल, तर कारण बहुधा हेच.

इथे उपाय एलडीओ बदलण्याचा नाही. आधी एलएम२५९६ सारख्या स्विचिंग रेग्युलेटरने बाराचे चार-पाच व्होल्ट करावेत, मग पुढे एलडीओने ३.३. लिनिअर रेग्युलेटर वीज वाया घालवतो हा आरोप सरसकट खरा नाही. १४.४ वरून ५ करताना तो पस्तीस टक्केच वीज पुढे पोहोचवतो, पण ३.६ वरून ३.३ करताना ब्याण्णव टक्के पोहोचवतो, आणि तेही गोंगाटाविना. स्विचिंग रेग्युलेटर हजारो वेळा उघडझाप करून काम करतो. एलएम२५९६ सेकंदाला दीड लाख वेळा. ती खरखर रेडिओत ऐकू येते, सेन्सरच्या आकड्यांत दिसते. पुढे एलडीओ असला तर ती बरीच दबते, मात्र सगळी नाही. शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या लहरीला चांगला एलडीओ हजारपट आणि त्याहूनही जास्त दाबतो; लाखभर हर्ट्झला त्याचा अँप्लिफायर मागे पडतो. म्हणून दोघांच्या मध्ये एक छोटी कॉइल किंवा फेराइट मणी घालावा. आणि दोघांमधला दाबाचा फरक ड्रॉपआउटच्या वर राहील एवढं पाहावं. फरक संपला की दुरुस्ती संपली आणि खरखर जशीच्या तशी पुढे जाते.

सहा व्होल्टच्या बॅटरीचं उदाहरण वेगळं सांगायला हवं, कारण इमर्जन्सी दिव्यात बसणारी ही लेड-ॲसिड बॅटरी तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि तिच्यावरून पाच व्होल्ट काढून मोबाइल चार्ज करण्याचे प्रयोग घरोघर होतात. भरलेली असताना ती ६.४ च्या आसपास असते. ७८०५ ला सात हवेत. मग पाचाऐवजी साडेचारच्या आसपास मिळतात आणि मोबाइल ‘चार्जिंग’ दाखवत नुसता बसून राहतो. त्याच जागी एलएम२९४० चा पाच व्होल्टवाला प्रकार लावला तर बॅटरी साडेपाचपर्यंत उतरली तरी पूर्ण पाच मिळतात. दोघांच्या पायांची मांडणी सारखीच: छापलेली बाजू समोर धरली की डावीकडे इनपुट, मध्ये ग्राउंड, उजवीकडे आउटपुट. हा आयसी मोटारींसाठी बनवलेला असल्यामुळे बॅटरी उलटी जोडली तरी तो जात नाही. कंदिलाच्या उजेडात जोडणी करणाऱ्यांना हा गुण फार मोलाचा आहे. मात्र तो स्वतः १० मिलिअँपिअर घेतो, दिवसाला २४०; साडेचार अँपिअर-तासांची बॅटरी नुसती जोडून ठेवली तर एकोणीस दिवसांत संपते. मध्ये स्विच हवाच.

आणि ७८०५ काढून एलएम२९४० लावताना एक चूक हमखास होते. ७८०५ आउटपुटच्या कॅपॅसिटरविषयी फारसा चोखंदळ नसतो. बारीकसा असला तरी चालतो, नसला तरी बहुतेक वेळा भागतं. एलएम२९४० चं तसं नाही. त्याला आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड लागतात, आणि त्या कॅपॅसिटरच्या आत थोडासा रेझिस्टन्ससुद्धा लागतो: फार नाही, फार कमीही नाही, ओहमच्या दहाव्या भागापासून एक ओहमपर्यंत. कारण असं की या जातीच्या रेग्युलेटरात आउटपुट बदलल्याची खबर अँप्लिफायरपर्यंत जरा उशिरा पोहोचते. उशीर फार झाला तर दुरुस्ती नेमकी उलट्या वेळी पडते आणि आउटपुट डोलायला लागतं. कॅपॅसिटरमधला तो छोटा रेझिस्टन्स हा उशीर भरून काढतो. उत्साहाच्या भरात कुणी तिथे उत्तम प्रतीचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावला, तर त्याचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की रेग्युलेटर डोलतो. साधा इलेक्ट्रोलिटिक लावला तर शांत. महागडा भाग लावून बिघाड आणि स्वस्त लावून दुरुस्ती, असे प्रसंग या धंद्यात थोडेच.

डोलणारा रेग्युलेटर ओळखणं अवघड असतं, कारण मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो आणि ती ठीक असते. आयसी विनाकारण कोमट, सेन्सरचे आकडे नाचणारे, चिप अधूनमधून रीसेट, ही लक्षणं. मीटर एसीच्या मिलिव्होल्टवर टाकून पाहावं. दहा-वीस मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर संशय घ्यावा. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही. नव्या पिढीचे एमसीपी१७०० सारखे आयसी एक मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकवरही स्थिर राहतील असे बनवलेले असतात. जुन्यांत इलेक्ट्रोलिटिक वापरला असेल तर तो पत्र्याखालच्या उन्हाळ्यांत हळूहळू सुकतो, त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो, आणि तीन-चार वर्षांनी तेच उपकरण डोलायला लागतं. तेव्हा रेग्युलेटर न बदलता आधी कॅपॅसिटर बदलून पाहावा; दोन-पाच रुपयांत काम होतं.

मोबाइलचं सिमकार्ड घालून संदेश पाठवणारी यंत्रं हे आणखी वेगळं प्रकरण. सिम८००एल मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालतं आणि प्रक्षेपणाच्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत ओढतं. त्याला पाचही चालत नाहीत आणि ३.३ ही. इथे एलडीओचा मोह टाळावा. लिथियम सेल थेट जोडावा, सोबत हजार मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर द्यावा आणि वायरी जाड व आखूड ठेवाव्यात. हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं आणि जिओकडे टूजी नाही. तेव्हा पाड्यावर कुठल्या कंपनीचा टॉवर लागतो ते आधी पाहून मगच खर्च करावा.

निवडलेला आयसी खरोखर तसा आहे का, हे तपासणं गरजेचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा-दहाच्या पट्टीत आणलेल्या आयसींवर ७३३३ छापलेलं असतं, पण बनवणारे अनेक असतात आणि सगळ्यांचे गुण सारखे नसतात. ड्रॉपआउट मोजायला एक कमी-जास्त करता येणारा सप्लाय आणि दोन मल्टिमीटर पुरतात. आउटपुटला ३३ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर लावावा; ३.३ व्होल्टला बरोबर १०० मिलिअँपिअर वाहतात. इनपुट पाच व्होल्टपासून हळूहळू खाली आणावं. आउटपुट मूळ आकड्यापेक्षा शंभर मिलिव्होल्टनी घसरलं की थांबावं आणि दोन्ही मीटरांमधला फरक लिहून घ्यावा. तोच त्या आयसीचा शंभर मिलिअँपिअरला ड्रॉपआउट. आयटीआयच्या प्रात्यक्षिकाच्या एका तासात १११७, एचटी७३३३ आणि एमसीपी१७०० तिन्ही मोजून होतात. सप्लाय नसेल तर उतरत जाणारा जुना सेल लावून दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत टिपावेत. आलेख त्याच आकाराचा निघतो.

स्वतःचा करंट मोजायला रेझिस्टर काढून टाकावा आणि इनपुटच्या वायरीत मीटर घालावं, आधी मिलिअँपिअरच्या रेंजवर, मग मायक्रोअँपिअरच्या. आकडा दहा मायक्रोअँपिअरच्या आत आला तर आयसी कामाचा. ही मोजणी ड्रॉपआउटच्या अवस्थेतही एकदा करावी, म्हणजे इनपुट मुद्दाम ३.२ व्होल्टवर आणून. पीएनपी जातीचे काही रेग्युलेटर त्या अवस्थेत आउटपुट सावरण्याच्या धडपडीत स्वतःसाठीच भरमसाट करंट ओढू लागतात, आणि उतरलेली बॅटरी आणखी झपाट्याने उतरते. मॉसफेटवाल्यांत ही खोड सहसा नसते.

दमट हवेचा विचार करून घ्यायची एक खबरदारी डेटाशीटमध्ये सापडत नाही. बाहेरून दोन रेझिस्टर लावून हवा तो दाब ठरवता येईल असेही एलडीओ मिळतात. वीज वाचवण्यासाठी हे रेझिस्टर दहा-दहा लाख ओहमचे घ्यावेत असं पुस्तकात असतं. कोरड्या प्रयोगशाळेत ते बरोबरच आहे. जव्हारच्या पावसाळ्यात मात्र बोर्डावर ओलाव्याचा आणि सोल्डरिंगच्या राळेचा पातळ थर बसतो, त्यातून करंट झिरपतो आणि त्या मोठ्या रेझिस्टरांचं गुणोत्तर बदलतं, ३.३ चे ३.६, कधी त्याहून जास्तही होतात. तेव्हा ठरावीक दाबाचाच प्रकार घ्यावा, रेझिस्टरांची जोडी आयसीच्या आतच असू द्यावी. सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, वर पारदर्शक लॅकरचा हात फिरवावा.

आयसी बदलताना पायांची खात्री डेटाशीट पाहूनच करावी. ७८०५ आणि एलएम२९४० ची धातूची पाठ ग्राउंड असते, तर १११७ ची पाठ म्हणजे आउटपुट. ती डब्याच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट. आणि तयार बोर्डावरचा फक्त १११७ काढून एमसीपी१७०० लावला म्हणजे सगळं झालं असं नाही. बोर्डावरचा लाल एलईडी आणि यूएसबीसाठी बसवलेली वेगळी चिप बॅटरी खातच राहतात. एलईडी उखडून टाकावा. शक्य असेल तर अख्खा बोर्ड न वापरता ईएसपी-१२ चं सुटं मॉड्यूल घ्यावं. बोर्ड तोच ठेवायचा असेल आणि बाहेरून तयार केलेले ३.३ व्होल्ट त्याच्या ३.३ च्या पिनला द्यायचे असतील, तर मूळ १११७ आधी काढावा. तो तसाच ठेवला तर आउटपुटकडून इनपुटकडे उलटा करंट झिरपत राहतो, आणि इतका खटाटोप करून वाचवलेले मिलिअँपिअर त्या वाटेने जातात.